पिल्लू पाहायचे तर आधी आईचे वेळापत्रक पाहावे

प्राणिसंग्रहालयात वाघिणीने तीन बछड्यांना जन्म दिल्याची बातमी शुक्रवारी येते आणि रविवारी सकाळी तिच्या आवाराबाहेर माणसांची रांग लागते. रांगेतल्या बहुतेकांना दिसते ते रिकामे गवत, आतल्या खोलीचे बंद दार आणि ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी. माझीही पहिली फेरी अशीच वाया गेली होती. बछडे बारा दिवसांचे होते, आणि बारा दिवसांचा बछडा नुकता कुठे डोळे उघडत असतो, हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन तास काचेला नाक लावून उभा होतो. पुढे अनुभवाने कळले की पिल्ले पाहायला जाण्याचा सगळा बेत आईच्या वेळापत्रकाभोवती बांधावा लागतो. ती पिल्लाला कधी बाहेर आणते, कुठे लपवते, कधी पाजते आणि कोणाला जवळ येऊ देते, हे आधी समजून घेतले की तिकीट, वेळ, कॅमेरा या उरलेल्या गोष्टी फार अवघड राहत नाहीत.

आधी वयाचा हिशेब करावा

जन्माची तारीख कळली की त्या प्राण्याचे पिल्लू कोणत्या प्रकारचे असते ते पाहावे. ढोबळ मानाने असे दोन प्रकार पडतात. वाघ, सिंह, अस्वल, लाल पांडा, मीरकॅट (मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी) यांची पिल्ले डोळे मिटलेली, दुबळी आणि सर्वस्वी आईच्या उबेवर अवलंबून अशी जन्माला येतात. जिराफ, झेब्रा, हत्ती, गेंडा आणि हरणे यांची पिल्ले मात्र डोळे उघडे ठेवून जन्मतात आणि थोड्याच वेळात स्वतःच्या पायांवर उभी राहतात.

पहिल्या प्रकारात घाई करून काहीच हाती लागत नाही. वाघिणीचा गर्भकाळ सुमारे साडेतीन महिन्यांचा असतो आणि जन्मलेल्या बछड्याचे वजन जेमतेम १ किलोच्या आसपास भरते. त्याचे डोळे साधारण ६ ते १४ दिवसांत उघडतात, पण वाघीण पहिले दोन महिने बछड्यांना गुहेतच ठेवते. प्राणिसंग्रहालयात ही गुहा म्हणजे गवत पसरलेली, अंधारी आणि बंद अशी आतली खोली असते. त्या काळात बाहेरचा गोंगाट किंवा अनोळखी वास वाढला, तर वाघीण अस्वस्थ होऊन बछड्यांना तोंडात धरून इकडून तिकडे हलवत राहते आणि कधी कधी त्यांना टाकूनही देते. म्हणून ती खोली कीपरांना, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांनासुद्धा, वर्ज्य असते आणि ते आतल्या कॅमेऱ्यावरूनच लक्ष ठेवतात. बछडे पाहण्याचा खरा हंगाम तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा. तेव्हा ते एकमेकांच्या शेपट्या धरतात, आईच्या पाठीवरून घसरतात आणि अजून पुरेसे लहानही दिसतात.

अस्वलांच्या बाबतीत याहून जास्त धीर लागतो. महाकाय पांडाचे नवजात पिल्लू सुमारे १०० ग्रॅमचे, म्हणजे आईच्या वजनाच्या सुमारे नऊशेव्या भागाएवढे असते आणि त्याचे डोळे उघडायलाच सहा-सात आठवडे लागतात. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात शिआंग शिआंग ही पांडाची मादी १२ जून २०१७ रोजी जन्मली, पण लोकांना ती पाहता आली १९ डिसेंबरपासून, आणि तीही सोडतीत नाव निघालेल्यांनाच. ध्रुवीय अस्वलाची पिल्लेही तीन-चार महिन्यांनंतरच गुहेबाहेर येतात. मीरकॅटची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. त्यांची पिल्ले तीन आठवड्यांच्या सुमारास बिळाच्या तोंडाशी येतात आणि त्यानंतर रोज दिसत राहतात.

दुसऱ्या प्रकारात मात्र उशीर करणाऱ्याचे नुकसान होते. जिराफाची मादी सुमारे पंधरा महिने गर्भ वाहते आणि उभ्यानेच विते, त्यामुळे पिल्लू दीड-दोन मीटर उंचीवरून जमिनीवर पडते. ते तासाभरात उभे राहते आणि तेव्हाच त्याची उंची सुमारे १.८ मीटर असते, म्हणजे ते बहुतेक प्रौढ माणसांहून उंच असते. हत्तिणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा, तर नवजात पिल्लाचे वजन १०० किलोच्या घरातले. आपल्या सोंडेचे काय करायचे हे त्या पिल्लाला पहिले काही महिने कळतच नाही. ती पायाखाली येते, कधी उगीच गोल फिरवली जाते, आणि पाणी पिताना ते सरळ तोंड बुडवते. हे पाहायचे असेल तर पहिल्या चार-सहा महिन्यांतच जावे. वर्षभराचे पिल्लूही गोंडस असते, पण सोंडेचा तो गोंधळ तोवर संपलेला असतो.

कांगारूच्या बाबतीत जन्मतारखेचा काहीच उपयोग होत नाही. लाल कांगारूचे पिल्लू अवघ्या ३३ दिवसांच्या गर्भकाळानंतर, एखाद्या घेवड्याच्या दाण्याएवढे जन्मते आणि स्वतःच चढत आईच्या पिशवीत शिरते. त्याचे डोके पिशवीबाहेर दिसू लागते ते सुमारे सहा महिन्यांनी, आणि आठव्या महिन्याच्या सुमारास ते पिशवी कायमची सोडते. म्हणून ‘कांगारूचे पिल्लू जन्मले’ असे वाचले तर ते नुकते जन्मले आहे की पिशवीतून नुकते डोकावले आहे, याची खातरजमा करावी. पुष्कळदा बातमी दुसऱ्या प्रकारची असते आणि तसे असेल तर लगेच निघावे.

माकडे आणि वानर यांच्यासाठी वेगळी वाट पाहावी लागत नाही. त्यांचे पिल्लू पहिल्या दिवसापासून आईच्या पोटाला चिकटलेले असते, त्यामुळे आई दिसली की तेही दिसते, फक्त ते ओळखायला डोळे तयार असावे लागतात. ओरांगउटानच्या मादीला मात्र दोन पिल्लांच्या मध्ये सात-आठ वर्षे लागतात, तेव्हा तिच्या पिल्लाची बातमी आली तर ती संधी सहसा लवकर परत येत नाही.

आपल्या भाषेने या वयासाठी शब्दांची चंगळ करून ठेवली आहे: वाघाचा बछडा, सिंहाचा छावा, हरणाचे पाडस, घोड्याचे शिंगरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, म्हशीचे रेडकू. सोबत लहान मुले असतील तर वाटेत हे शब्द घोळवावेत. झेब्र्याच्या पिल्लाला शिंगरू म्हणायला हरकत नाही, कारण झेब्रा घोड्याच्याच कुळातला. जिराफाच्या पिल्लासाठी मात्र वेगळा शब्द सापडत नाही, आणि मुले तो तयार करण्याचा प्रयत्न करतात तेव्हा प्रवास बरा जातो.

निघण्यापूर्वी चौकशी

प्राणिसंग्रहालयाला दूरध्वनी करून किंवा त्याच्या संकेतस्थळावर पाहून तीन गोष्टी नक्की कराव्यात. पिल्लू सध्या लोकांसमोर येते का. येत असेल तर रोज कोणत्या वेळेत. आणि थंडी, ऊन किंवा पाऊस असेल तर ते आत ठेवले जाते का. ‘पिल्लू आहे का?’ एवढेच विचारले तर उत्तर ‘आहे’ असे मिळते आणि ते खरेही असते, पण आपल्या उपयोगाचे नसते. बरीच प्राणिसंग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तेही याच वेळी विचारून घ्यावे. आतल्या खोलीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण प्राणिसंग्रहालय महाजालावर दाखवत असेल, तर जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस ते अधूनमधून पाहावे. पिल्लू केव्हा झोपते आणि केव्हा धिंगाणा घालते याचा अंदाज त्यातून चांगला येतो.

याच टप्प्यावर एक निवड करावी लागते. जिथे बछड्याला मांडीवर घेऊन छायाचित्र काढू देतात, दुधाची बाटली पाजायला देतात किंवा पिल्लाबरोबर खेळण्याचे वेगळे शुल्क घेतात, तिथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कामासाठी पिल्लू आईपासून फार लवकर तोडावे लागते, दिवसभर हाताळले जाते आणि काही महिन्यांत ते धोकादायक आकाराचे झाले की त्याची जागा घ्यायला नवे पिल्लू लागते. चांगले प्राणिसंग्रहालय ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे तिथे पिल्लू आईबरोबर असते आणि प्रेक्षकांपासून लपायला दोघांनाही जागा असते. पिल्लू न दिसण्याची शक्यता जिथे ठेवलेली आहे, तिथेच ते पाहायला जावे.

दिवस, तास आणि सामान

कामाचा दिवस निवडावा आणि दार उघडताच आत शिरावे. सकाळी आवार स्वच्छ करून प्राण्यांना बाहेर सोडले जाते तेव्हा रात्रभर आत असलेली पिल्ले सगळीकडे हुंगत आणि धावत फिरतात. पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत चांगला. दुपारी बहुतेक सगळे झोपतात. मोठ्या मांजरकुळातले प्राणी तर दिवसाचा बराचसा भाग झोपेतच काढतात. ऊन कलल्यावर पुन्हा हालचाल सुरू होते. म्हणून प्रवेशद्वारापासून क्रमाने एकेक पिंजरा पाहत जाण्याची सवय त्या दिवसापुरती सोडावी, नकाशा घेऊन थेट पिल्लाच्या आवाराकडे जावे, आणि बाकीचे प्राणिसंग्रहालय दुपारसाठी ठेवावे. एका दिवसात दोन, फार तर तीन आवारे ठरवावीत.

सामानात छोटी दुर्बीण असावी. आठ पट मोठे दाखवणारी पुरते. लहान मुलांच्या हाती जड दुर्बीण देण्यापेक्षा त्यांना उंचीवर उभे राहता येईल अशी जागा शोधून द्यावी. पाणी, टोपी, एक वही आणि पेन्सिल एवढे झाले की पुरे. घरात कोणाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर वानरांचे आवार वगळावे, किंवा बेतच पुढे ढकलावा. माणसाचे श्वसनाचे आजार चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांना सहज होतात, आणि आपल्यासाठी साधी असणारी सर्दी त्यांच्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकते.

आवारासमोर उभे राहिल्यावर

पहिली पाच मिनिटे पिल्लू शोधूच नये, आई शोधावी. ती कुठे बसली आहे, कोणत्या दिशेला कान वळवते, चरताना कोणत्या कोपऱ्याकडे वारंवार पाहते, हे बघत राहिले की पिल्लाचा ठावठिकाणा आपोआप लागतो. हरणांमध्ये हे विशेष उपयोगी पडते. चितळाचे पाडस पहिले काही दिवस गवतात किंवा झुडपाखाली निपचित पडून राहते. त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके पानांतून झिरपणाऱ्या उन्हासारखे दिसतात. आई मुद्दाम दूर चरते, दिवसातून मोजक्या वेळा येऊन त्याला पाजते आणि त्याची विष्ठा स्वतः चाटून टाकते, म्हणजे वास मागे राहत नाही. अशा वेळी ‘बिचारे एकटेच पडले आहे’ असे म्हणणारा एखादा तरी प्रेक्षक शेजारी असतोच. त्याला हळूच सांगावे की ते एकटे नाही, लपलेले आहे.

झेब्र्याचे शिंगरू याच्या अगदी उलट वागते. ते आईला चिकटून चालते, आणि पहिले काही दिवस आई कळपातल्या इतरांना त्याच्याजवळ फिरकू देत नाही, कारण तिचे पट्टे, तिचा वास आणि तिचा आवाज त्याच्या मनावर ठसायला हवा असतो. शिंगराचे पट्टे काळ्यापेक्षा तपकिरीकडे झुकणारे असतात, त्यावरूनही ते लांबून ओळखू येते. गेंड्यांमध्ये तर चालण्याच्या क्रमावरून जात सांगता येते: पांढऱ्या गेंड्याचे पिल्लू सहसा आईच्या पुढे चालते आणि काळ्या गेंड्याचे मागे.

रंगाकडे लक्ष ठेवले तर आणखी पुष्कळ काही दिसते. सिंहाच्या छाव्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात आणि वाढताना ते पुसट होत जातात. मलायी टापीर (डुकरासारखा दिसणारा, लांब नाकाचा प्राणी) मोठेपणी अर्धा काळा, अर्धा पांढरा असतो, पण त्याचे पिल्लू तपकिरी रंगाचे असून त्यावर पांढरे पट्टे आणि ठिपके असतात. फ्रँक्वा लंगूर या काळ्या माकडाचे पिल्लू चक्क नारिंगी जन्मते. असे भडक पिल्लू टोळीतल्या इतर माद्याही हातात घेतात, त्यामुळे दहा मिनिटांत ते तीन-चार जणींकडे फिरलेले दिसते आणि खरी आई कोण हे ओळखणे हाच एक खेळ होतो. पाजणारी ती आई, हा त्यातला खात्रीचा पुरावा. सोनेरी सिंह टामरिन या छोट्या माकडांत बहुधा जुळी होतात आणि पहिल्या काही आठवड्यांनंतर त्यांना पाठीवर वागवणारा बहुतेक वेळा बाप असतो, हे नवख्याला सांगितल्याशिवाय सुचत नाही.

हत्तीचे पिल्लू दूध पिताना पाहायचे असेल तर आईच्या मागच्या पायांकडे पाहू नये. हत्तिणीचे स्तन पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतात, आणि पिल्लू सोंड वर दुमडून तोंडाने दूध पिते. पाणघोड्याचे पिल्लू तर पाण्याखालीसुद्धा पिते. काचेच्या तळ्याची सोय असलेल्या ठिकाणी हे दिसू शकते, फक्त तिथे बराच वेळ थांबण्याची तयारी हवी.

पक्ष्यांकडे सहसा कोणी पिल्ले शोधायला जात नाही, हे मला नेहमी अन्यायाचे वाटते. फ्लेमिंगोचे पिल्लू मातीच्या उंचवट्यावरच्या घरट्यात, सुमारे चार आठवडे उबवलेल्या एकाच अंड्यातून बाहेर येते तेव्हा ते राखाडी-पांढरे असते आणि त्याची चोच सरळ असते. ती नंतर हळूहळू वाकते, आणि गुलाबी रंग अंगावर चढायला दोन-तीन वर्षे लागतात, कारण तो खाण्यातल्या रंगद्रव्यांमधून येतो. आई आणि बाप दोघेही घशातून पाझरणारे लालसर द्रव त्याला भरवतात. प्रथमच पाहणाऱ्याला ते रक्त वाटते आणि एक पक्षी दुसऱ्याला जखमी करतो आहे अशी तक्रार घेऊन लोक कीपरकडे धावतात.

एका ठिकाणी किती वेळ थांबावे, याचे माझे उत्तर निदान वीस मिनिटे असे आहे. बहुतेक प्रेक्षक एक-दोन मिनिटांत पुढे सरकतात, आणि पिल्लू नेमके त्यानंतर उठते. मुले कंटाळली तर त्यांना वहीत साध्या खुणा करायला द्याव्यात: पिल्लू आईपासून किती वेळा दूर गेले, किती वेळा परत आले, कोणी कोणाला आधी हाक मारली. मोजायला काही असले की मुले मोठ्यांपेक्षा जास्त वेळ थांबतात.

वागण्याविषयी

काच वाजवू नये, शिट्टी मारू नये, काहीही फेकू नये, खायला देऊ नये. हे सर्वांना माहीत असते आणि तरीही घडते. थायलंडमधल्या खाओ खिओ प्राणिसंग्रहालयात १० जुलै २०२४ रोजी जन्मलेले मू देंग हे बुटक्या पाणघोड्याचे पिल्लू जगभर गाजले, तेव्हा ते झोपलेले पाहून काही प्रेक्षकांनी त्याला उठवण्यासाठी वस्तू फेकल्या. शेवटी प्रत्येकाला पाहण्यासाठी पाच मिनिटांची मर्यादा घालावी लागली. लहान पिल्लाची वाढ झोपेत होते. त्याला झोपलेले पाहणे हेही पाहणेच आहे, आणि छायाचित्र तर तेव्हाच सर्वांत चांगले येते.

माकडांसमोर एक वेगळी काळजी घ्यावी लागते. टक लावून पाहणे हे अनेक माकडांच्या भाषेत आव्हान असते, आणि दात दाखवून हसणे हीसुद्धा त्यांच्या लेखी आपुलकी नसते. पिल्लू पोटाशी घेतलेल्या मादीकडे एकटक पाहिले तर ती पाठ फिरवते किंवा धमकावते, आणि मग दिवसभर आपल्याला तिची पाठच दिसते. किंचित बाजूला तोंड करून, तिरक्या नजरेने, तोंड मिटून पाहावे.

छायाचित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा. भिंग काचेला अगदी टेकवून धरले तर प्रतिबिंब येत नाही. मुलांना खांद्यावर किंवा कठड्यावर बसवू नये.

शेळ्या-मेंढ्यांच्या करडांना आणि कोकरांना हात लावू देणारा विभाग काही ठिकाणी असतो. तिथे जायला हरकत नाही, पण बाहेर पडताच साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या अंगावरही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो. हातांवर चोळायचे जंतुनाशक द्रव साबणाची जागा घेत नाही. खाण्याचे डबे, दुधाच्या बाटल्या आणि बाळाची चोखणी त्या विभागाच्या बाहेरच ठेवावी. करडू स्वतःहून जवळ आले तर पाठीवर किंवा खांद्यावर हात फिरवावा, आणि ते निघून गेले तर मागे जाऊ नये.

काळजात चर्र होते तेव्हा

पिल्ले पाहायला गेलेला माणूस आनंदाच्या तयारीने गेलेला असतो, आणि कधी कधी समोर वेगळेच दिसते. सिंहीण छाव्याला पंजाने उलटे पाडते, माकडीण पिल्लाचा पाय ओढून त्याला परत आणते, हत्तीण दूध पिऊ पाहणाऱ्या मोठ्या पिल्लाला ढकलते. यातले बहुतेक शिस्त लावणे किंवा दूध तोडणे असते. काळजीचे कारण असते ते वेगळे: पिल्लू बराच वेळ न हलता पडले आहे, वारंवार आईकडे जाऊनही त्याला दूध मिळत नाही, किंवा ते पाण्यात अथवा खंदकात अडकले आहे. अशा वेळी आरडाओरडा न करता जवळच्या कर्मचाऱ्याला जागा आणि वेळ नेमकी सांगावी. स्वतः आत उतरण्याचा विचारही करू नये.

आईने टाकलेले पिल्लू माणसाने वाढवावे का, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात ५ डिसेंबर २००६ रोजी जन्मलेल्या क्नूट या ध्रुवीय अस्वलाला त्याच्या आईने नाकारले आणि कीपरने बाटलीने वाढवले. २३ मार्च २००७ रोजी तो लोकांसमोर आला तेव्हा गर्दी उसळली होती. १९ मार्च २०११ रोजी तो मेंदूच्या दाहाच्या आजाराने मेला. हाताने वाढवलेल्या पिल्लाला पुढे आपल्या जातीत मिसळायला जड जाते, हा या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप आहे, आणि म्हणून शक्य तिथे ते लवकरात लवकर कळपात परत नेले जाते. कॅलिफोर्निया कोंडोर या गिधाडाच्या पिल्लांना भरवताना कर्मचाऱ्यांनी हातात प्रौढ कोंडोराच्या डोक्याचे बाहुले घातले, ते पिल्लांनी माणसाला आईबाप समजू नये म्हणूनच.

आपण जाईपर्यंत पिल्लू दगावलेले असू शकते. मुलांनी विचारले तर खरे सांगावे.

कीपरशी दोन शब्द

दिवसातल्या ठरावीक वेळी कीपर आवारासमोर उभे राहून माहिती देतात. ती वेळ चुकवू नये. ‘याचे नाव काय?’ हा प्रश्न ते रोज शंभरदा ऐकतात. त्याऐवजी आईचे हे कितवे बाळंतपण, बापाला वेगळे का ठेवले आहे, हे पिल्लू मोठे झाल्यावर कुठे जाईल, असे विचारले की ते मनापासून बोलू लागतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असते, ‘दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात.’ नात्यातल्या नात्यात वीण होऊ नये म्हणून अनेक जातींच्या वंशावळीची नोंदवही ठेवली जाते आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची, हे तीवरून ठरते. रानटी प्राण्याची अशी पहिली आंतरराष्ट्रीय नोंदवही युरोपीय गव्याची, १९३२ सालची. तोवर तो प्राणी रानातून नाहीसा झाला होता आणि आजचे सगळे युरोपीय गवे बंदिवासात उरलेल्या अवघ्या १२ प्राण्यांचे वंशज आहेत. अरबी ओरिक्स हे हरण १९७२ मध्ये रानातून संपले आणि बंदिवासात वाढलेल्या कळपांतून १९८२ मध्ये ओमानात परत सोडले गेले. प्रझेवाल्स्की घोडा हा रानघोडा १९९२ पासून मंगोलियात परतला. समोर उड्या मारणारे पिल्लू अशा एखाद्या नोंदवहीत आहे का, हे विचारायला विसरू नये.

दुसरी फेरी

परतण्यापूर्वी वहीत पिल्लाचे वय, आईपासूनचे त्याचे अंतर आणि अंगावरच्या खुणा लिहून ठेवाव्यात, आणि तीन-चार महिन्यांनंतरची एक तारीख तिथेच ठरवावी. वाघाचे बछडे दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर असतात, तेव्हा त्यांच्यासाठी सवड आहे. टापीरसाठी मात्र ती कमी असते. सहा महिन्यांच्या सुमारास त्याचे पट्टे विरतात, आणि मग आवारात दोन काळे-पांढरे प्राणी शेजारी उभे असतात, त्यांपैकी एक जरा लहान.